जोडीदाराचा व्हिसा हा ‘घरगुती विषय’ नाही: विदर्भाच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळातील विदर्भाचे सर्व सन्माननीय सदस्य,
आणि परदेशी रोजगाराचं काम पाहणारे सर्व अधिकारी,

सविनय जय भीम, नमस्कार.

मागच्या महिन्यात नागपुरात परदेशातल्या नोकऱ्यांबद्दल एक मार्गदर्शन मेळावा झाला. सभागृह भरलं होतं. नर्सिंग झालेल्या मुली होत्या, आयटीआयचे इलेक्ट्रिशियन होते, त्यांचे आईबाप होते. कोणी भंडाऱ्याहून आलेलं, कोणी उमरेडहून, कोणी काटोलहून. जर्मन कुठं शिकायची, पगार किती मिळतो, तिकिटाचं काय, सगळं सांगून झालं. शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, “सर, माझं लग्न झालंय. मिस्टरांचं कसं?” मंचावरून उत्तर आलं, “तो तुमचा घरगुती विषय आहे. आधी तुम्ही जा, मग बघा.” आणि पुढचा प्रश्न घेतला गेला.

मी त्या मुलीच्या दोन रांगा पुढं बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. घसा दाटून आला होता, म्हणून बोललो नाही. तिथं राहिलेलं इथं लिहितो आहे.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. माझी बायको नर्स. रामदासपेठेतल्या एका खासगी रुग्णालयात तिनं सहा वर्षं अतिदक्षता विभागात काम केलं. आमचं लग्न फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिनं जर्मन शिकायला सुरुवात केली. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी यायची, दोन तास झोपायची आणि मोबाइलवर क्लास. बी-टू या वरच्या पातळीपर्यंत शिकली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या एका गावातल्या रुग्णालयात रुजू झाली. विमानतळावर तिला सोडताना आम्ही दोघांनी तीन-चार महिन्यांचा हिशेब धरला होता. आज पंधरा महिने झाले. माझा अर्ज अजून विचाराधीन आहे.

आम्ही काही मागे-पुढे जायचं ठरवलं नव्हतं, सोबत जायचं ठरवलं होतं. आपल्याकडच्या आणि तिकडच्या कागदांच्या रचनेनं आम्हाला वेगळं केलं. त्यातला जर्मन सरकारच्या हातातला भाग मला कळतो. तो त्यांचा देश आहे, नियम त्यांचे. या पत्रात मी फक्त तेवढंच मांडणार आहे जे आपल्या हातात होतं, आहे, आणि ज्याकडे आपण पाहिलं नाही.

शासनाचा संबंध काय, असं कोणी म्हणेल. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० तरुण-तरुणींचा आकडा जाहीर झाला, त्यात नर्सेस होत्या. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. माझी बायको शासनाच्या योजनेतून गेली नाही, खासगी भरतीतून गेली. पण ज्या दारातून ती गेली ते दार आपण सगळे मिळून उघडता आहात, फलक लावता आहात. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलामुलींना बोलावताना त्यातल्या अनेकांची लग्नं झालेली असणार, हे गृहीत धरायला नको का? मी वाचलेल्या एकाही जाहिरातीत जोडीदारासाठी एक ओळ नव्हती.

आता आम्हाला काय काय झेलावं लागलं ते सांगतो. संस्थांची नावं मुद्दाम टाळतो, कारण मला कोणा एका टेबलावर बसलेल्या माणसाला दोष द्यायचा नाही.

सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून. लग्नाची नोंदणी वेळेत केली नव्हती, ही आमची चूक. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. हे सगळं मला आता पाठ आहे, लग्नाच्या मांडवात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे लग्न म्हणजे मंगल परिणय, बुद्धवंदना, जेवणावळ आणि फोटो. कागद कोणाला सुचतो? दोन वर्षांनी आम्ही नोंदणीला गेलो तेव्हा तीन साक्षीदार हवे होते आणि लग्न लावणाऱ्याची सही हवी होती. ज्या बौद्धाचार्यांनी आमचं लग्न लावलं ते तोवर मुलाकडे चंद्रपूरला राहायला गेले होते. मी तिथं जाऊन सही आणली. म्हाताऱ्या माणसानं थरथरत्या हातानं सही केली आणि विचारलं, “मोडलं बिडलं तर नाही ना बाप्पा?” लग्न टिकवायलाच सही हवी आहे, हे त्यांना समजावताना माझे डोळे भरून आले.

दाखला मिळाला. त्यात तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं. एवढंसं अक्षर. दुरुस्तीला पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं मूळ अर्जात तुम्हीच तसं लिहिलंय, तर अर्जाची प्रत दाखवली. मग साहेब रजेवर. मग संगणकावर दुरुस्तीची सोय नाही, वरून करून घ्यावं लागेल. मग निवडणुकीचं काम. पाचव्या खेपेला एका ताईंनी पाच मिनिटांत करून दिलं. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही. पण पाच मिनिटांच्या कामासाठी माझी पाच दिवसांची रजा गेली. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, विवाह नोंदणी त्याखालची सेवा आहे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. हे त्या कार्यालयाच्या भिंतीवर कुठंच दिसलं नाही. मला ते फार उशिरा एका मित्राकडून कळलं.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इथं मला थोडं थांबायचं आहे. मराठी माणसाच्या नावाचे तीन तुकडे असतात: स्वतःचं, बापाचं, आडनाव. लग्न झालं की बाईचे दोन तुकडे बदलतात. बापाच्या जागी नवरा, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. हे बदलणं कायद्यानं बंधनकारक नाही, पण बँकेत, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकात ते आपोआप बदलून जातं. कोणी विचारतही नाही. माझ्या बायकोची नर्सिंगची पदवी माहेरच्या नावानं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं. पासपोर्टही माहेरच्याच, कारण तो लग्नाआधीचा. आधार, पॅन आणि बँकेचं खातं माझ्या नावासकट. लग्नाच्या दाखल्यावर ‘विवाहानंतरचे नाव’ म्हणून माझ्या नावासकट. आता हा गठ्ठा परक्या देशातल्या अधिकाऱ्यासमोर ठेवा. भारतीय पासपोर्टात नावाचे रकाने दोनच असतात, आडनाव आणि उरलेलं. त्यामुळं तिच्या वडिलांचं नाव तिच्या पहिल्या नावाला चिकटून जातं. जर्मन कागदांत ते तिचं दुसरं नाव ठरलं. लग्नाच्या दाखल्यावर त्या जागी वेगळंच नाव, म्हणजे माझं. त्यांना वाटलं या दोन बायका आहेत. वाटणारच.

त्यांच्या अर्जात जन्माच्या वेळचं आडनाव लिहायला स्वतंत्र रकाना आहे. त्यांच्याकडेही लग्नानंतर आडनाव बदलतात, म्हणून तो केलेला. आपल्याकडे तर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात. मग लग्नाच्या दाखल्यावरच, ठळक, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, ‘विवाहापूर्वीचे संपूर्ण नाव, पासपोर्टप्रमाणे’ आणि ‘विवाहानंतरचे संपूर्ण नाव, बदलले असल्यास’ अशा दोन ओळी आणि खाली ‘ही एकच व्यक्ती आहे’ एवढं वाक्य असायला काय हरकत आहे? त्या एका वाक्यासाठी आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केली, भाषांतर केलं, ते परत आलं, पुन्हा केलं. शासकीय कामाच्या प्रतिज्ञापत्राला राज्यानं २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ केलं आहे, तरी प्रत्येक वेळी आमच्याकडून मुद्रांक घ्यायला लावला. तीन महिने गेले. विवाह नोंदणी राज्याची, दाखल्याचा नमुना राज्याचा. हे तुमच्या एका परिपत्रकाचं काम आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. जर्मनीत नवरा किंवा बायको म्हणून जायचं तर बहुतेकांना जर्मनची पहिली पायरी, ए-वन, पास व्हावी लागते. ज्यांच्या जोडीदाराला तिकडं ब्लू कार्ड मिळतं, म्हणजे साधारण जास्त पगाराचे पदवीधर, इंजिनिअर, त्यांना ही अट नाही. माझ्या बायकोचा परवाना तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिकडची मान्यता मिळवण्याच्या टप्प्यावरचा आहे, त्यामुळं मला ए-वन मागितलं गेलं. मी तक्रार करत नाही. परक्या गावात राहायचं तर भाषा यायलाच हवी, आणि शिकताना मला आनंदच झाला. पण नागपुरातले क्लास नोकरीला जाणाऱ्यांसाठी चालतात. सकाळी दहा ते दुपारी दोन, सोमवार ते शुक्रवार. मी शिफ्ट संपवून बुटीबोरीहून सातला सीताबर्डीला पोचणार. एका मॅडमनी चार जोडीदारांसाठी रात्री आठची बॅच काढली, म्हणून मी शिकलो. आम्ही चौघे होतो: मी, एका नर्सचा शेतकरी नवरा, एका वेल्डरची बायको कडेवर बाळ घेऊन, आणि हिंगण्याची एक शिक्षिका. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा कळलं, की आपण किती आहोत.

परीक्षेची तारीख आम्हाला पुण्याची मिळाली. तारखा ऑनलाइन खुल्या होतात आणि बघता बघता भरतात. रात्रभराचा प्रवास, सकाळी परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० गुण लागतात. मला ७४ मिळाले. वेल्डरच्या बायकोला ५७. बाळ आजारी होतं, त्या रात्री ती झोपली नव्हती. पुन्हा फी, पुन्हा पुणे, पुन्हा बाळाला कुठं ठेवायचं हा प्रश्न. तिनं अजून पुन्हा परीक्षा दिलेली नाही. नवरा तिकडं, ती हिंगणघाटला सासरी. तिच्या तीन गुणांची किंमत तिचं लेकरू बापाशिवाय मोजतं आहे.

मुंबईच्या खेपांबद्दल लांबण लावत नाही. महाराष्ट्रासाठीचं जर्मन वाणिज्य दूतावास मुंबईत, म्हणून अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत सगळं तिकडं. रेल्वेनं ८०० किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, तोही ७०१ किलोमीटर आहेच. वेळ मिळायला चार महिने लागले आणि तिथं पोचल्यावर छायाप्रतींचा एक संच कमी निघाला. यादीत दोन संच लिहिले होते, माझ्या एजंटनं एकच लावला. मी रस्त्यावर येऊन झेरॉक्सचं दुकान शोधत धावलो. दहा मिनिटं उशीर झाला असता तर पुन्हा चार महिने.

एजंटबद्दल मात्र सांगायलाच हवं. अर्जाचं सरकारी शुल्क ७५ युरो आहे. एजंटनं माझ्याकडून ४८,००० रुपये घेतले. त्यानं लग्नाची तारीख चुकवली, माझ्या आईचं नाव चुकवलं आणि सर्वांत वाईट म्हणजे मला थांबवून ठेवलं. “मॅडमला सेट होऊ द्या, मग तुमचं बघू,” असं तो सात महिने म्हणत राहिला. त्या सात महिन्यांत मी भाषा शिकू शकलो असतो, दाखला दुरुस्त करू शकलो असतो, तारखेच्या रांगेत लागू शकलो असतो. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते, त्याच्या शुल्काला ३०,००० रुपयांची मर्यादा आहे. पण जोडीदाराच्या व्हिसाचा फॉर्म भरून देणारा नोकरी लावत नाही, म्हणून तो त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. पंजाबनं २०१२ मध्ये अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. पंजाबच्या लोकांनी फार भोगल्यावर तो झाला. आपण भोगायची वाट पाहायची का?

आता तो भाग जो कोणी आधी सांगत नाही, आणि ज्यानं आमचं सर्वांत जास्त नुकसान केलं. जोडीदाराचा अर्ज मुंबईत दिला तरी निर्णय फक्त मुंबईत होत नाही. फाइल जर्मनीत तिच्या गावच्या परकीय नागरिक कार्यालयाकडे जाते, त्यांची संमती आली की मुंबईतून व्हिसा मिळतो. ते कार्यालय पाहतं की तिचा पगार दोघांना पुरतो का, आणि राहायला दोघांपुरती जागा आहे का. नर्सेसना सुरुवातीला वसतिगृहात एक खोली मिळते. त्या खोलीवर नवऱ्याला बोलावता येत नाही. म्हणजे मी तिकडं जाण्याआधी तिनं मोठं घर घ्यायला हवं. तिनं घेतलं. मार्चपासून ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते, दोघांचं भाडं भरते. रविवारी फोनवर मला घर दाखवते. एका खुर्चीवर तिनं माझा स्वेटर टाकून ठेवलाय, जो तिच्या सामानात चुकून गेला होता.

हे आधी माहीत असतं तर तिनं रुग्णालयाशी करार करतानाच घराचं बोललं असतं. मालकही ऐकतात, त्यांना नर्स टिकायला हवी असते. जी नर्स एकटी राहते ती परत येते, हे त्यांनाही कळतं. पण कराराच्या वेळी विचारायचे प्रश्न कोणी शिकवले? नोकरीआधीच्या मार्गदर्शनात बर्फात कसं चालायचं हे तिला शिकवलं गेलं. ‘मला नवरा आहे, त्याचं काय’ हे कसं विचारायचं ते शिकवलं गेलं नाही.

आणि मी नवरा आहे, बायको नाही, याचाही एक वेगळा त्रास झाला. जवळपास प्रत्येक खिडकीवर विचारलं गेलं, “म्हणजे मॅडम कमावणार आणि तुम्ही डिपेंडंट?” एका ठिकाणी माझा फॉर्म बाजूला ठेवून सांगितलं की चुकून उलटा भरलाय. जर्मनीत नवरा-बायकोच्या परवान्यावर आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, मी तिकडं रिकामा बसायला चाललेलो नाही. पण ते बाजूला ठेवू. बायकोच्या मागं नवरा जातो, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? हजारो वर्षं बायका गेल्या तेव्हा कोणी फॉर्म बाजूला ठेवला नाही.

माझी आई एकदा म्हणाली, “रमाईनं किती वर्षं वाट पाह्यली, तू पंधरा महिन्यांत काहून हरून राह्यला?” आमच्या घरात रमाईचं नाव घेतलं की बोलणं संपतं. मी गप्प बसलो. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, नंतर लंडनला, आणि रमाई इकडं मुंबईत गरिबीत, एकामागून एक लेकरं गमावत राहिल्या. त्यांच्या त्यागाशी माझी तुलना मी स्वप्नातही करणार नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. शंभर वर्षांपूर्वी शिकायला गेलेल्या माणसाच्या बायकोला मागं राहावं लागलं, कारण पैसा नव्हता, दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग आहे, कायदा आहे, करार आहे, विमान आहे, आणि तरी आपण कोणाच्या तरी बायकोला, कोणाच्या तरी नवऱ्याला वाट पाहण्याचा वारसा सांगतो आहोत. रमाईंनी सोसलं ते पुढच्यांनी सोसू नये म्हणूनच ना?

दुसऱ्या राज्यात काय होतं ते पाहा. केरळनं १९९६ मध्येच परदेशी गेलेल्या केरळी लोकांसाठी स्वतंत्र खातं सुरू केलं, नोर्का. दाखल्यांच्या प्रमाणीकरणाची त्यांची केंद्रं राज्यात एकाहून जास्त शहरांत आहेत. जर्मनीत नर्सेस पाठवण्यासाठी त्यांनी २०२१ मध्ये थेट जर्मन सरकारी संस्थांशी करार केला. तिकडं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण तिथल्या नर्सच्या नवऱ्याला कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं ते माहीत असतं. पंधरा महिने हिंडताना आम्हाला नागपुरात असं दार सापडलं नाही.

आणि दार जवळ आणता येतं, हे पासपोर्टच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. २०१७ पासून पोस्ट ऑफिसांत पासपोर्ट केंद्रं उघडली आणि जिल्ह्याच्या गावातल्या माणसाची मोठ्या शहराची खेप वाचली. केंद्रानं ते केलं, कारण कोणीतरी ठरवलं.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ शब्दांत.

विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही जोडीदारांची विवाहापूर्वीची आणि नंतरची नावं पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे, मराठीत आणि इंग्रजीत, छापा. ज्यांना नाव बदलायचं नाही त्यांच्या दाखल्यावर तसं स्पष्ट लिहा. स्पेलिंगची दुरुस्ती ठरलेल्या दिवसांत करून देण्याचा आदेश काढा आणि लोकसेवा हक्काचा फलक प्रत्येक नोंदणी कार्यालयात लावा.

नागपुरात परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक खिडकी उघडा. नोकरीला जाणाऱ्याची आणि जोडीदाराची फाइल तिथं एकत्र बघितली जावी: कोणता दाखला, कोणत्या क्रमानं, कुठं भाषांतर, कुठं प्रमाणीकरण. विदर्भातल्या माणसाला कागदासाठी मुंबईची खेप किमान एकानं कमी व्हावी. १९५३ च्या नागपूर करारामुळं दर वर्षी सरकार हिवाळ्यात इकडं येतं. त्या करारामागची भावना हीच होती ना, की इथल्या माणसाला सरकार दूर वाटू नये.

शासनाच्या भाषा प्रशिक्षणात जोडीदारांना जागा द्या. संध्याकाळची बॅच, लेकरांना सांभाळायची सोय, आणि ए-वन परीक्षेचं सत्र नागपुरात घ्यावं म्हणून संबंधित संस्थेशी बोला. वर्षातून चार वेळा झालं तरी अमरावती, चंद्रपूर, गोंदियाच्या लोकांचे हाल वाचतील.

व्हिसा सल्लागारांची नोंदणी सक्तीची करा. दर लिहून लावायला सांगा. चुकीच्या फॉर्मची जबाबदारी त्यांच्यावर टाका.

बाडेन-वुर्टेमबर्गशी झालेल्या करारात जोडीदाराचं कलम आणा. तिथलं राज्य सरकार त्यांच्या परकीय नागरिक कार्यालयांशी बोलू शकतं, आपण त्यांच्याशी बोलू शकता. जो माणूस शासनाच्या करारातून जातो, त्याला जायच्या आधी कळायला हवं की घर, पगार आणि भाषेच्या कोणत्या अटीवर त्याचं कुटुंब कधी येऊ शकेल. आणि मालकाशी होणाऱ्या करारात कुटुंबाच्या घराबद्दल दोन ओळी असायला हव्यात.

शेवटची मागणी छोटी आहे. मार्गदर्शन मेळाव्यात मागच्या रांगेतून असा प्रश्न आला, तर मंचावर उत्तर माहीत असलेला एक माणूस बसवा.

येत्या हिवाळी अधिवेशनात आपल्यापैकी कोणी हा विषय मांडणार असाल, तर माझी फाइल मी घेऊन येतो. लग्नाचे दोन दाखले, एक चुकीचा आणि एक दुरुस्त. तीन प्रतिज्ञापत्रं. चंद्रपूरच्या बौद्धाचार्यांची सही. पुण्याचा निकाल. मुंबईची पावती. सोबत वेल्डरच्या बायकोलाही आणीन, तिला यायची इच्छा आहे, फक्त बाळाला सोबत आणावं लागेल. मी रजा टाकून ठेवली आहे.

आपला,
एका नर्सचा नवरा
नागपूर